रॉकेलऐवजी करंजाचं बायोडिझेल: पाऊण सीसीच्या मॉडेल डिझेलवरचे माझे प्रयोग

गिरणगावकर | १८ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत मामाने त्याचं मॉडेल विमानाचं जुनं डिझेल इंजिन माझ्या हातात ठेवलं. पाऊण सीसीचं आहे, कलकत्त्यात बनलेलं, इंग्लंडच्या मिल्स ०.७५ या इंजिनावर बेतलेलं. मामा कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता, तेव्हाचं. इतकी वर्षं ते एरंडेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात पडून होतं. रॉकेलने धुतलं, पंखा लावला आणि तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही.

ज्यांनी हे इंजिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाव डिझेल असलं तरी यात इंजेक्टर नाही, पंप नाही. स्पार्क प्लग नाही आणि तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा ग्लो प्लगही नाही. हवा आणि इंधन एकत्रच आत शिरतं, पिस्टन ते दाबतो आणि नुसत्या दाबाच्या उष्णतेने ते पेटतं. सिलिंडरच्या डोक्यात वरून आणखी एक छोटा पिस्टन असतो, त्याला कॉन्ट्रा पिस्टन म्हणतात. वरचा स्क्रू पिळला की तो खाली सरकतो आणि दाब वाढतो. म्हणजे चालू इंजिनाचं कॉम्प्रेशन आपण दोन बोटांनी बदलू शकतो. मोठ्या कुठल्या इंजिनात ही सोय आहे?

इंधन तीन गोष्टींचं: इथर, रॉकेल, एरंडेल. ढोबळमानाने तिन्ही सारखी.

आता मुद्द्यावर येतो. लहानपणी आमच्या लालबागच्या चाळीत रॉकेलच्या रांगा असायच्या. आज चांगलं, पांढरं, वास न मारणारं रॉकेल शोधायला मला चार ठिकाणी फिरावं लागलं. म्हणून ठरवलं की रॉकेलची जागा दुसरं काही घेऊ शकतं का ते नीट मोजून पाहायचं. एका मित्राकडून करंज तेलाचं बायोडिझेल दोन लिटर मिळालं. भांडुपला त्याचा गाळा आहे, तिथे लाकडी ठोकळ्यावर इंजिन बसवलं, ८ बाय ४ इंचांचा पंखा लावला आणि प्रकाशावर चालणाऱ्या टॅकोमीटरने फेरे मोजले.

मूळ मिश्रण: इथर ३४, रॉकेल ३६, एरंडेल ३०. मिनिटाला ८१०० फेरे.
अर्धं रॉकेल काढून बायोडिझेल: ७९००.
सगळं रॉकेल काढून बायोडिझेल: ७७००. निडल, म्हणजे इंधन कमी-जास्त सोडणारी सुई, पाव फेरा जास्त उघडावी लागली. थंड इंजिन सुरू करायला दोन-तीन झटक्यांऐवजी सहा-सात लागले.

४०० फेरे पडले म्हणून जरा हिरमुसलो आहे. पण इंजिन चाललं, आणि सलग चाललं. पुढचा प्रश्न असा की इथर कमी करता येईल का? अजिबात काढून टाकता येईल का? जाणकारांनी सांगावं.

ठाणे_कॅडेट | १८ मे, रात्री ११:०५

मामांना माझा सलाम सांगा. आमच्या युनिटमध्येही असंच एक होतं, त्याच्या इथरचा वास अजून नाकात आहे. सविस्तर उद्या लिहितो.

शंकासुर_नवा | १९ मे, सकाळी ८:३०

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो. इथर कशाला हवं? आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल किंवा पेट्रोल टाकलं तर काय होईल? दोन्ही चटकन पेटतात. आणि कापूर? तो तर काडी लावायचा अवकाश.

रसायनवेडी | १९ मे, दुपारी १:१५

शंकासुर, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. या सगळ्या विषयाची किल्ली त्यातच आहे.

काडी लावल्यावर पेटणं आणि काडी न लावता आपोआप पेटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ज्या तापमानापासून शक्य होते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात, दुसरी ज्या तापमानाला होते त्याला स्वयंज्वलनाचं तापमान. कापूर ज्योतीवर लगेच पेटतो, पण ज्योत नसेल तर तो आपोआप पेटायला सुमारे ४६६ अंश सेल्सिअस लागतात. इथेनॉलला सुमारे ३६५. रॉकेलला सुमारे २१०. आणि इथरला फक्त १६० च्या आसपास.

आता गिरणगावकरांचं इंजिन डोळ्यांपुढे आणा. बोटाएवढा सिलिंडर, थंडगार धातू, आणि पंख्याला बोटाने दिलेला एक झटका. त्या झटक्यात हवा जेवढी तापते त्यातली बरीचशी उष्णता सिलिंडरची भिंतच पिऊन टाकते. उरलेल्या उष्णतेत पेटेल असं त्या मिश्रणात एकच काही आहे, ते म्हणजे इथर. आधी इथर पेटतं, त्याच्या आगीत रॉकेल पेटतं, आणि खरी ताकद रॉकेल देतं. इथर म्हणजे काडी आणि रॉकेल म्हणजे सरपण. तुम्ही सरपण बदललंत म्हणून इंजिन चाललं. काडी काढलीत तर चूलच पेटणार नाही.

पेट्रोल-इथेनॉलची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांचा गुणच असा की दाबाखाली आपोआप पेटू नये. दाबाखाली न पेटण्याच्या गुणाचं माप म्हणजे ऑक्टेन, चटकन आपोआप पेटण्याचं माप म्हणजे सीटेन. ऑक्टेन जास्त म्हणजे सीटेन कमी. इथरचं सीटेन १२५ च्या वर जातं, इथेनॉलचं १० च्या आसपासच राहतं. मिथेनॉलवर चालणारी छोटी इंजिनं असतात, पण त्यांत ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार ते पेटवण्याचं काम करते.

डायमिथाइल इथर हे आपल्या इथरचं धाकटं भावंड. सीटेन ५५ ते ६०, जळतंही स्वच्छ. पण ते उणे २४ अंशालाच उकळतं, म्हणजे दाबाच्या टाकीत ठेवावं लागतं. पाऊण सीसीच्या टाकीला ते झेपणार नाही.

लेथवाला | १९ मे, रात्री ९:५०

गिरणगावकर, मी चाळीस वर्षं टर्नर होतो. अशी दोन इंजिनं स्वतः लेथवर बनवली आहेत. तुमचे आकडे वाचले आणि एक गोष्ट मनाला पटेना.

पंखा फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या हिशेबाने वाढते. ८१०० वरून ७७०० म्हणजे ताकद जवळजवळ १४ टक्के घटली. मिश्रणातला ३६ टक्के भाग बदलला आणि निडल उघडून इंधनही वाढवलं, तरी १४ टक्के? बायोडिझेलमध्ये वजनाला ऊर्जा कमी असते हे खरं, किलोमागे १२-१३ टक्के कमी. पण ते रॉकेलपेक्षा जड असतं आणि तुमची निडल तर मापाने इंधन सोडते. मापाच्या हिशेबाने फरक चार-पाच टक्क्यांवर येतो. उरलेली ताकद कुठे गेली?

तीन गोष्टी सांगा. सगळी मिश्रणं एकाच दिवशी बनवली होती का? चाचण्यांचा क्रम काय होता? आणि बाटली कसली वापरलीत?

गिरणगावकर | १९ मे, रात्री १०:३०

काका, मिश्रणं एका शनिवारी बनवली. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांत भरली. मूळ मिश्रण त्याच दिवशी चालवलं. अर्ध्याची चाचणी पुढच्या शनिवारी, पूर्ण बायोडिझेलची त्याच्याही पुढच्या. बाटल्या गाळ्यातच होत्या.

लेथवाला | १९ मे, रात्री १०:४२

भांडुपचा गाळा, वर पत्रा, मे महिना. इथर ३४.६ अंशाला उकळतं. दुपारी तुमच्या गाळ्यात तेवढं तापमान सहज होत असणार. तुमची काडी बाटलीच्या बुचातून उडून गेली. तुम्ही बायोडिझेल मोजलं नाहीत, इथरची गळती मोजलीत.

मूळ मिश्रणाची उरलेली बाटली असेल तर तीच पुन्हा चालवून बघा.

रसायनवेडी | २० मे, सकाळी ७:४५

काकांशी पूर्ण सहमत. आणि कृपा करून हे एवढं वाचाच.

इथरची वाफ हवेपेक्षा अडीच पटीने जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते. या खोलीत बाटली उघडली आणि पलीकडच्या खोलीत गॅस पेटलेला असला, तर वाफेच्या वाटेने आग उलटी बाटलीपर्यंत येते. फ्लॅश पॉइंट उणे ४५ अंश, म्हणजे मुंबईत असा एकही दिवस नाही की ते पेट घेणार नाही. मिश्रण उघड्या हवेतच करा. जवळपास ज्योत, सिगारेट, ग्राइंडर, पंख्याचं बटण, काही नको.

प्लास्टिकच्या बाटल्या आजच बंद करा. गडद तपकिरी काचेची बाटली आणि घट्ट आट्यांचं बूच वापरा. प्रकाश आणि हवा लागली की इथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात आणि ती सुकून उरली तर स्फोटक असतात. बाटलीवर तारीख लिहा. थोडंच आणा, लवकर संपवा. जुनी, बुचाभोवती स्फटिक साचलेली बाटली कधीही उघडू नका.

आणि लोकलने आणू नका! ज्वालाग्राही पदार्थ गाडीत नेणं रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी सकाळच्या कल्याण लोकलच्या डब्यात ती बाटली फुटली तर काय होईल, याचा विचारही करवत नाही.

गिरणगावकर | २० मे, रात्री ११:१०

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी दादरहून लोकलनेच बाटली आणली होती. पुन्हा नाही आणणार. बाटल्या आज बदलल्या.

आणि काका, तुमचं बरोबर निघालं. मूळ मिश्रणाची तीन आठवड्यांची उरलेली बाटली आज चालवली. तेच इंधन, तोच पंखा. नऊ झटके लागले आणि फेरे ७७५०. म्हणजे माझे सगळे आकडे रद्द. पहिल्या पोस्टमधले आकडे कोणी वापरू नयेत. सगळं पहिल्यापासून करतो.

ठाणे_कॅडेट | २१ मे, रात्री ९:२०

उशीर झाला, पण माझा अनुभव इथे लिहायलाच हवा. तुमच्यापैकी कोणाच्या तरी डोक्यात एरंडेलाऐवजी दुसरं तेल घालायचा विचार येणारच.

मी तो केला होता. एरंडेल संपलं होतं, घरात शेंगदाण्याचं तेल होतं. रुडॉल्फ डिझेलच्या हयातीतच, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं हे वाचलेलं होतं, म्हणून बेधडक घातलं. पहिल्या दिवशी मस्त चाललं. दुसऱ्या दिवशी पंखा जड वाटला. तिसऱ्या दिवशी हललाच नाही. सिलिंडरच्या आत मधाच्या रंगाचं, नखाने न निघणारं आवरण चढलं होतं. कढईच्या कडेला बाहेरून जी पिवळी चिकट राप जमते ना, अगदी तीच. कॉन्ट्रा पिस्टन तर असा बसला की स्क्रू सैल केला तरी वर येईना. केसांच्या ड्रायरने गरम करून, थेंब थेंब स्पिरिट सोडून दोन संध्याकाळी घालवल्या, तेव्हा सुटला.

पॅरिसच्या त्या इंजिनात तेल जाळायला होतं, वंगणाला नाही. माझ्या इंजिनात ते वंगण होतं. हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

लेथवाला | २१ मे, रात्री १०:०५

एरंडेलाला पर्याय शोधू नका. जो भाग जळायचा आहे तो बदला, जो भाग वाचवायचा आहे तो बदलू नका. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पोलादी सिलिंडर आणि बिडाचा पिस्टन एकमेकांत घासून बसवलेले असतात. दाब राहतो तो मधल्या तेलाच्या पापुद्र्यामुळे. एरंडेलाचा दाटपणा आणि तापल्यावरही धातूला धरून राहण्याचा गुण दुसऱ्या कुठल्या वनस्पती तेलात नाही. बायोडिझेल ४० अंशाला पाण्यापेक्षा जेमतेम सहा-सात पट दाट, एरंडेल तीनशे पटीच्याही वर. जुन्या साध्या बेअरिंगच्या इंजिनात एरंडेल २५ टक्क्यांच्या खाली उतरवू नका.

सायली_वाचते | २२ मे, दुपारी ४:००

मी मॉडेल इंजिन कधी पाहिलेलंही नाही, पण धागा एका बैठकीत वाचला. एक विचारू? तिन्ही एकत्र केल्यावर दिसतं कसं? थर राहतात का?

गिरणगावकर | २२ मे, रात्री ९:१५

सायली, हा प्रश्न वाचून आज मुद्दाम करून पाहिलं. काचेच्या नळीत आधी रॉकेल घेतलं, त्यात एरंडेल सोडलं. एरंडेल दोऱ्यासारखं सरळ तळाशी गेलं आणि तिथेच बसलं. नळी जोरात हलवली तर ताकासारखी पांढुरकी झाली, आणि पाच मिनिटांत पुन्हा खाली एरंडेल, वर रॉकेल, मध्ये स्पष्ट रेघ. मग त्यात इथर ओतलं. आधी रेघ पुसट झाली, मग थोडी धुसर वळवळ, आणि नळी एकदा उलटी केली तर सगळं स्वच्छ, फिकट चहाच्या रंगाचं. खिडकीबाहेरची समोरची इमारत आरपार दिसत होती.

मला वाटायचं की इथर फक्त पेटवायला असतं. ते या दोघांना एकत्र धरूनही ठेवतं, हे मला आज कळलं.

दुसऱ्या नळीत रॉकेलऐवजी बायोडिझेल घेतलं. त्यात एरंडेल इथरशिवायच मिसळलं. असं का, ताई?

रसायनवेडी | २२ मे, रात्री ११:३०

किती छान केलंत हे!

एरंडेलाचा सुमारे ९० टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्याच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो आणि त्यामुळे ते इतर तेलांपेक्षा वेगळं वागतं. अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं, रॉकेलसारख्या निव्वळ हायड्रोकार्बनशी (नुसता कार्बन आणि हायड्रोजन) मात्र त्याचं पटत नाही. बायोडिझेल हे एस्टर आहे. त्यात ऑक्सिजन आहे, म्हणून एरंडेल त्याच्यात मिसळतं.

तुमच्या प्रयोगाच्या दृष्टीने हे फार कामाचं आहे. रॉकेलच्या मिश्रणात इथर फार कमी केलं तर पेटण्याच्या आधी मिश्रणाचेच पुन्हा थर होतील. बायोडिझेल असेल तर तो अडथळा राहणार नाही, मग प्रश्न फक्त पेटण्याचा उरतो.

एक मात्र पाहा. करंज तेलात मोकळी आम्लं बरीच असतात, त्यामुळे त्याचं बायोडिझेल दोन टप्प्यांत करावं लागतं. नीट धुतलं-सुकवलं नसेल तर त्यात साबण आणि पाणी उरतं. मित्राला विचारा. आणि पावसाळ्यात बाटली उघडी ठेवू नका, बायोडिझेल हवेतला ओलावा ओढतं.

इंधन_उत्सुक | २४ मे, सकाळी १०:१०

इथर कमी करून चटकन पेटायला अमाइल नायट्राइट घातलं तर? औषधाच्या दुकानात विचारू का?

रसायनवेडी | २४ मे, सकाळी १०:२५

थांबा! नायट्रेट आणि नायट्राइट वेगळे आहेत. नायट्राइट हे हृदयविकाराचं जुनं औषध आहे. ते हुंगलं की रक्तदाब झपाट्याने उतरतो. इंजिनात घालतात ते अमाइल नायट्रेट किंवा आयसोप्रोपिल नायट्रेट, तेही एक-दोन टक्केच. मोठ्या डिझेल गाड्यांसाठी सीटेन वाढवणारं २-इथाइलहेक्सिल नायट्रेट असतं, तेही त्याच घराण्यातलं. त्यांच्यामुळे ज्वलन वेळेवर आणि एकसारखं होतं, कॉम्प्रेशन थोडं सैल करता येतं. पण थंड इंजिनाला पहिल्या झटक्यात पेटवायचं काम ती करत नाहीत. ते इथरचंच.

गिरणगावकर | २२ जून, रात्री १०:४५

मंडळी, महिनाभर गप्प होतो, कारण सगळं नव्याने केलं. आता प्रत्येक मिश्रण ज्या दिवशी बनवलं त्याच दिवशी, संध्याकाळी सहानंतर चालवलं. पाऊस सुरू झाल्याने गाळाही थंड आहे. बाटली आधी आणि नंतर वजन करून पाहिली. प्रत्येक मिश्रणाच्या आधी आणि नंतर मूळ मिश्रण चालवून इंजिन जागेवर आहे ना याची खात्री केली.

मध्ये एक दिवस फेरे वेड्यासारखे वरखाली होत होते. दोन तास निडलशी झटलो. शेवटी दिसलं की टाकीची सिलिकॉनची नळी फुगून मऊ पडली होती आणि निडलच्या टोकावर सैल बसली होती, तिथून हवा ओढली जात होती. ग्लो इंजिनाची नळी डिझेलला चालत नाही. रॉकेल-इथर सोसणारी नळी टाकली आणि आकडे स्थिर झाले.

आता नवे आकडे. मूळ मिश्रण ८१००. अर्धं बायोडिझेल ८०५०, हा फरक टॅकोमीटरच्या चुकीएवढाच. पूर्ण बायोडिझेल ७९५०. म्हणजे ४०० नाही, १५०. थंड सुरुवातीला अजूनही एक-दोन झटके जास्त लागतात, आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी थोडी जास्त जमते. धुराला रॉकेलचा उग्र वास नाही, तळणीसारखा आहे.

मग पूर्ण बायोडिझेल ठेवून इथर उतरवत गेलो. ३० ला काही फरक नाही. २५ ला कॉम्प्रेशन स्क्रू अष्टमांश फेरा आवळावा लागला, बाकी उत्तम. २० ला सुरू व्हायला पंधरा झटके, पण एकदा तापलं की छान चाललं. १५ ला थंड इंजिन सुरू झालंच नाही. मग २५ च्या मिश्रणावर गरम केलं आणि टाकी पटकन १५ ची केली, तर चाललं! थांबवून लगेच झटका दिला तरी सुरू झालं. पाच मिनिटं थंड होऊ दिलं, मग नाही. ताईंचं काडी आणि सरपण मला तिथे समोर दिसलं.

१० ला प्रयत्न केला नाही. १५ वर सुरू करण्याच्या नादात कॉम्प्रेशन आवळत गेलो आणि सिलिंडरमध्ये इंधन साचलं. पंखा मधेच टणक अडला. तिथे जोर लावला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. स्क्रू सैल केला, उलटा फिरवून इंधन बाहेर काढलं आणि त्या दिवशी पुरे केलं.

माझं आता ठरलेलं मिश्रण: इथर २७, करंज बायोडिझेल ४४, एरंडेल २९. दर वेळी ताजं, एका संध्याकाळपुरतं.

लेथवाला | २३ जून, सकाळी ६:५०

हे खरं काम झालं. आधी आणि नंतर मूळ मिश्रण चालवलंत हे फार आवडलं. एक करा, दिवस संपला की शेवटची दोन मिनिटं रॉकेलच्या मिश्रणावर चालवा आणि मग आत पातळ मशीन ऑइलचे चार थेंब सोडून पंखा हाताने फिरवा. बायोडिझेल आत राहिलं तर पावसाळ्याच्या दमट हवेत पोलाद गंजतं.

ठाणे_कॅडेट | २३ जून, सकाळी ९:००

इथर २५ चा आकडा वहीत लिहून ठेवला. मामांनी पाहिलं का?

गिरणगावकर | २९ जून, रात्री ९:३०

आज पाहिलं. मामाला गाडीने भांडुपला घेऊन गेलो. त्याने आधी मिश्रणाचा थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि विचारलं, "रॉकेल कुठे आहे रे यात?" नाही म्हटल्यावर काही बोलला नाही. टाकी भरली, इनटेकवर बोट ठेवून पंखा दोनदा फिरवला आणि झटका दिला. इंजिन सुरू झालं, पण वारा आमच्या तोंडावर येण्याऐवजी उलट दिशेने जात होता. साइडपोर्ट इंजिन (सिलिंडरच्या बाजूच्या छिद्रातून हवा-इंधन घेणारं) दोन्ही दिशांनी चालतं, आज उलटं लागलं होतं. मला कळायच्या आत मामाने स्क्रू सैल करून ते थांबवलं, पुन्हा झटका दिला, या वेळी सुलट. मग स्क्रू हळूहळू आवळत गेला, कान इंजिनाकडे, नजर दुसरीकडेच. आवाज फुटका होता तो एकसंध झाला, तिथे त्याने हात काढला. टॅकोमीटर धरला तर ८०२०. माझ्या हातून या मिश्रणाला ७९८० च्या वर कधी गेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो त्याची जुनी निडल शोधून आणणार आहे.